इंजिनाला इंजिन

माझ्या आईच्या दोन्ही तळहातांना मुसळाचे घट्टे होते. लहानपणी मला वाटायचं, पुरुषांना जशा मिशा, तसे बायकांना घट्टे, देवानंच लावून पाठवलेले. नाणे मावळात आमच्यासारख्या भातवाल्या घरांत दुसरं काही बघायलाच मिळत नव्हतं. भात लावायचं सगळ्यांनी, कापायचं सगळ्यांनी, झोडायचंही सगळ्यांनी. पण कांडायचं मात्र बायकांनीच. पहाटे आई आणि माझी चुलती उखळाच्या दोन बाजूंना उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली यायचं आणि त्या दणक्यानं माझ्या अंथरुणाखालची जमीन हलायची. कांडताना आंबेमोहराचा वास घरभर सुटायचा. तो वास घेत घेत आम्ही नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खायचो, कारण आंबेमोहर लोणावळ्याच्या व्यापाऱ्याकडे जायचा. आमच्या वाट्याला त्याची कणी. तीसुद्धा गोडच लागायची, हे खोटं कशाला बोलू.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते शेतकरी होते. पण त्यांचा जीव बैलांत. तळेगावच्या बाजारात बैलाचा सौदा असला की लोक त्यांना मध्यस्थ म्हणून बोलावून न्यायचे. तिथं तोंडानं भाव सांगायची रीत नव्हती. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरून भाव बोलायचा. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा आणि खाली बोटांची हाणामारी. दादांची बोटं त्या उपरण्याखाली फार हुशार होती. उघड्यावर, कागदापुढे किंवा टोपीवाल्यापुढे, ती हुशारी कुठं जायची देव जाणे.

त्यांनी इंजिन घेतलं ते आईपायी. लोणावळ्याला तुंगार्लीच्या एका बंगल्यात विहिरीचं पाणी ओढायला तेलावरचं इंजिन होतं. बंगल्यात वीज आली आणि ते बिचारं जांभळीखाली जाऊन पडलं. दादा तिथं गवताच्या गाड्या घेऊन जायचे, त्यांनी ते पाहिलं आणि घरी येऊन सहज सांगितलं. आईनं सहज ऐकून घेतलं नाही. त्या इंजिनावर भाताची गिरणी चालेल का, एवढं एकच ती विचारत राहिली. दादा म्हणाले, चालेल. पण त्यासाठी खिलारी जोडी विकावी लागेल. आई म्हणाली, "बैल तुमी हाकता, मुसळ मी हाकते. आता जरा माझं मुसळ सुटू द्या." दादांनी जोडी विकली. दोन दिवस ते जोडीची दावी घेऊन गोठ्यात बसले, पण विकली.

ते इंजिन म्हणजे एक मोठं लोखंडी धूड होतं. सुरू करायचं तर आधी दिव्याच्या झोतानं त्याचं डोकं तापवायचं, ते लालसर झालं की चाकाला हिसका द्यायचा, आणि मग ते एकदा खोकून, दोनदा खोकून पुकपुक करायला लागायचं. धुराच्या नळीवर दादांनी पत्र्याचा डबा पालथा घातला होता, त्यामुळे आवाज पार नदीपलीकडे जायचा. लोणावळ्याच्या हमीदभाई मिस्त्रींनी ते बसवून दिलं आणि चालवायचं कसं ते दादांना शिकवलं. दादांना ते जमेना. जनावराशी बोलता येतं, लोखंडाशी काय बोलायचं, असं म्हणून ते बाजूला झाले. मी जवळच उभी राहून सगळं ऐकलं होतं, मला जमलं. सातवी पास होऊन मी घरी बसले होते आणि लग्नाचं बघणं चाललं होतं. पोरीच्या जातीनं इंजिन चालवावं का, यावर गावात महिनाभर चर्चा झाली. मग ज्यांच्या बायका डोक्यावर भात घेऊन आमच्याकडे यायला लागल्या, त्यांची चर्चा आपोआप बंद पडली. उखळ आईनं अंगणात पालथं घातलं आणि त्यावर ती बसायला लागली.

विमा काढायची कल्पनाही आईचीच. पलीकडच्या मावळात एकाची गिरणी जळली आणि त्याच्या घरातल्या बायका पुन्हा मुसळाला लागल्या, हे ऐकल्यापासून तिला चैन पडेना. भाताची गिरणी म्हणजे भोवती कोंड्या-तुसाचा डोंगर आणि मधोमध विस्तव. शेवटी लोणावळ्याचे गोगटे नावाचे विमा एजंट कामशेत स्टेशनावर उतरून आमच्या गावी आले. गोड बोलणारा माणूस. ओटीवर बसून त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, भोकराचं लोणचं दोनदा मागून घेतलं आणि कागद पुढे ओढून दादांना विचारलं, "इंजिनाची किंमत काय लिहू?"

इथं आमच्या घोड्यानं पेंड खाल्ली. माझ्या आजोबांची तळ्याकाठची खाचरं पूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेली होती. मोजणीला आलेल्या साहेबानं जमिनीचं मोल विचारलं तेव्हा आजोबांनी भोळेपणानं खरं ते सांगितलं. साहेबानं त्यातलं निम्मं कापून उरलेलं हातावर ठेवलं. तेव्हापासून आमच्या घराण्यात एक नियम होता: टोपीवाल्याला मोल विचारलं की दुप्पट सांगायचं, तो निम्मं कापणारच, म्हणजे खरं ते पदरात पडतं. दादांनी त्याप्रमाणे इंजिनाच्या खऱ्या मोलाच्या दुप्पट आकडा सांगितला आणि आता हा माणूस हसेल, डोकं हलवेल, खाली ओढेल, म्हणून मांडी सावरून बसले. गोगट्यांनी तोच आकडा लिहिला, शाई टिपली आणि "छान" म्हणाले.

गोगटे गेल्यावर दादा ओटीवरून उठून आत आले. "आगं, त्यानं घासाघीस केली न्हाई," ते आईला म्हणाले. "गिऱ्हाईक न बोलता घिऊन गेलं की समजावं, कुटंतरी आपली चूक झाली." आईला ते तेव्हा पटलं नाही. मला आज कळतं की जितका आकडा मोठा तितका हप्ता मोठा आणि तितकी गोगट्यांची दलाली मोठी. ते कशाला खाली ओढतील? बैलबाजारात दलाल दोघांच्या मधे उभा असतो. इथं मधे कुणी नव्हतंच, आणि दादा एकटेच उपरण्याखाली हात घालून बसले होते.

दुसऱ्या वर्षी पौषात गिरणी जळली. दुपारची वेळ होती, भाताची गर्दी होती, वारा सुटला होता. इंजिनाच्या नळीतून ठिणगी उडाली आणि तुसाच्या ढिगात शिरली. तूस भडकन पेटत नाही, आतल्या आत धुमसतं. आम्हाला कळलं तेव्हा वरच्या गवताच्या छपरानं पेट घेतला होता. बायका भाताच्या पाट्या घेऊन बाहेर पळाल्या. मी तेलाचा डबा ओढून बाहेर काढला, त्यात माझी वेणी होरपळली. सगळं गाव धावलं. नदीपासून ओळ लावून माणसांनी घागरी पोचवल्या आणि जिवाच्या आकांतानं पाणी ओतलं, छपरावर ओतलं, भिंतींवर ओतलं आणि तापून लाल झालेल्या इंजिनावरही ओतलं. तेव्हा 'ताड' असा एक आवाज झाला. हमीदभाईंनी नंतर सांगितलं की तापल्या बिडाच्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. कुणाला दोष द्यायचा? ज्यानं ती घागर ओतली त्याच्या हाताला फोड आले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे मला दणक्यानं जाग आली. आईनं उखळ सरळ केलं होतं. ती एकटीच कांडत होती. मला बघितल्यावर म्हणाली, "झोप गं, आजच्यापुरतं हाय." मी उठले आणि दुसरं मुसळ घेतलं. त्या पहाटे मी मनाशी पक्कं केलं की हे आजच्यापुरतंच राहिलं पाहिजे. आई तर ते माझ्या आधीच ठरवून बसली होती, हे मला आठवड्याभरात कळलं.

कंपनीकडून पाहणीला देसाई नावाचे साहेब आले. शिकलेले, नीटनेटके, मान ताठ. त्यांनी जळकं इंजिन काठीनं ठोकून पाहिलं, तडा पाहिला, आणि ओटीवर बसून दादांना विचारलं, हे कुठून घेतलं आणि केवढ्याला घेतलं. दादांनी बंगल्याचं नाव सांगितलं, जांभळीखालून उचललं ते सांगितलं, किंमतही सांगितली. साहेबांनी विम्याचा कागद उघडला.

"मग इथे ह्याच्या कितीतरी पट लिहिलंय ते कसं?" ते म्हणाले. "जांभळीखाली पडलेलं जुनं इंजिन घ्यायचं, वाटेल ती किंमत लिहायची आणि मग आग लागते. आम्ही रोज बघतो हे."

दादांचा चेहरा काळवंडला. त्या माणसानं जन्मात कुणाच्या बैलाचं दावंही चोरलं नव्हतं.

"कंपनीनं मनात आणलं तर तुम्हाला एक पैसा मिळणार नाही," साहेब पुढे म्हणाले. "पण गरीब माणूस आहात. मी मोडीचा भाव लिहितो. लोखंडाच्या वजनाचे पैसे मिळतील. सही करता येते ना?"

दादांनी टाकासाठी हात पुढे केला. मला अजून तो हात दिसतो आणि अजून राग येतो; साहेबांचा येतो, गोगट्यांचा येतो आणि दादांचाही येतो. इतक्यात आई पदराला हात पुसत आतून आली. परक्या पुरुषापुढे ती कधी यायची नाही. त्या दिवशी येऊन ती दादांच्या आणि कागदाच्या मधे बसली.

"सायेब, आमी दुप्पट सांगितलं त्ये खरं हाय," ती म्हणाली. "त्ये आमचं चुकलं. आमाला वाटलं तुमी निम्मं कापाल. आता तुमीच कापा. निम्मं कापा, त्येच्यावर एक पै बी नगं."

"बाई, तुमच्या नवऱ्यानं ते निम्म्याच्याही निम्म्याला घेतलंय."

"घेतलंय की. शेठला त्ये अडगळ झालं हुतं म्हून स्वस्तात दिलं. दारातनं न्या म्हणला. आमच्या गाईला वासरू झालं तर आमाला फुकटच मिळतं. म्हून काय वासराला मोल नसतं?"

साहेबांनी काठी भिंतीला टेकवली. मग हसून म्हणाले, "मोल ठरवायचं काम माझं आहे. माझ्या मतानं ते मोडीचंच."

"मग पैसं नगंतच," आई म्हणाली. "इंजिनाला इंजिन द्या."

हे तिचं बोलणं साहेबांना कळलं नाही, म्हणून मी समजावून सांगितलं. आमच्याकडे नांगरटीला एकमेकांचे बैल मागून नेतात. मागून नेलेला बैल हातून दगावला तर पैशावर भांडण होतं. धनी म्हणतो बैल राजा होता, दुसरा म्हणतो म्हातारा होता. म्हणून पैशाचं बोलायचंच नाही. मेलेल्या बैलाचे दात बघायचे आणि तेवढ्याच दाताचा, औताला चालणारा बैल आणून दारात बांधायचा. बैलाला बैल. ज्याला तो स्वस्तात मिळेल त्यानं स्वस्तात आणावा.

"तुमच्या भावात मिळत असंल तर आणा," आई म्हणाली. "आमी हूं का चूं करणार न्हाई. फकस्त आमच्या पोरीनं चालू करून बघायचं."

साहेबांना ती गंमत वाटली असावी. पैशाऐवजी वस्तू द्यायची मुभा कंपनीला होतीच, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. लोणावळ्यात जुनी इंजिनं ढिगानं पडली आहेत, असंही म्हणाले. दिवस ठरला. ते निघून गेल्यावर दादा आईला म्हणाले, "त्यो आपल्याला कसलं तरी सांगाडं दील." आई म्हणाली, "घेणार कोण?"

ठरल्या दिवशी आम्ही तिघं गाडीनं लोणावळ्याला उतरलो. आईनं फडक्यात भाकरी बांधून घेतल्या होत्या, एका दिवसाला लागतात त्याच्या दुप्पट. "रातीचं ऱ्हावं लागलं तर?" ती म्हणाली. साहेब, गोगटे आणि हमीदभाई स्टेशनाबाहेर उभेच होते. गोगटे माझ्या नजरेला नजर देत नव्हते आणि मी मुद्दाम त्यांच्याकडेच बघत होते.

पहिलं इंजिन बाजारामागे एका भंगारवाल्याच्या आवारात होतं, साहेबांनी म्हटलेल्या मोडीच्या भावात मिळणारं. मी त्याचं डोकं तापवलं, हमीदभाईंनी चाकाला हिसका दिला. ते एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा तापवलं, पुन्हा तेच. साहेब म्हणाले, किरकोळ दुरुस्ती असेल. आई एका दगडावर बसली आणि म्हणाली, "करा की दुरुस्ती. आमी बसतो." हमीदभाईंनी दोन झाकणं उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावली. "भाभी, उठा," ते म्हणाले. "ह्याच्यात आता जीव न्हाई." दुसरं खंडाळ्याच्या वाटेवर, त्याचा दट्ट्याच कुणीतरी काढून नेला होता. त्या भावात मिळणारं तिसरं काही नव्हतं. उन्हं कलली, साहेबांच्या बुटांवर लाल धूळ बसली. आईनं रस्त्याकडेला बसून सगळ्यांना भाकरी वाढली. साहेब आधी नको म्हणाले, मग त्यांनीही घेतली. गोगट्यांनी गूळदाणी आणली होती, ती आईनं घेतली नाही. मी घेतली. गूळदाणीनं माझं काय वाकडं केलं होतं?

शेवटी तुंगार्लीलाच, दुसऱ्या एका बंगल्यात, आमच्यासारखं इंजिन सापडलं. तिथंही वीज येणार होती, पण अजून आली नव्हती. मी तापवलं आणि पहिल्याच हिसक्याला ते चालू झालं. तो आवाज ऐकून आईनं डोळे मिटले. बंगल्याच्या कारभाऱ्यानं किंमत सांगितली, ती आई म्हणाली होती त्या निम्म्याहून चांगलीच जास्त. साहेब घासाघीस करायला लागले. देवा, ती घासाघीस! आधी ते साहेबी आवाजात रागावले, मग एकदम विनंतीवर आले, मग पाठ फिरवून चार पावलं गेले आणि कुणी हाक मारत नाही बघून परत आले. कारभारी पान लावत बसला होता.

दादांना ते बघवेना. "सायेब, तुमी जरा सावलीत बसा," ते म्हणाले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि कारभाऱ्याशेजारी बसून त्याच्या हातावर टाकलं. कारभारीही आंदर मावळातला निघाला, रीत जाणणारा. दोघं भाताच्या पिकाविषयी बोलायला लागले. दादा म्हणत होते की औंदा भात पोटरीला येऊन दाणा धरताना पाणी कमी पडलं, आणि उपरणं मधेच उडत होतं. बऱ्याच वेळानं ते थांबलं. दादांनी भाव सांगितला. विम्याच्या आकड्याच्या बरोबर निम्मा, आई म्हणाली होती तोच.

साहेबांना चव लागली. "अजून थोडं खाली आणता येईल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतं की," दादा म्हणाले. "पर आनायचं न्हाई. ह्येचं मोल एवढंच हाय. ह्येच्या खाली मागितलं तर मी चोर, वर मागितलं तर ह्यो चोर."

साहेबांनी दादांकडे पाहिलं. ओटीवर आपण या माणसाला काय बोललो ते त्यांना त्या वेळी आठवलं असावं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. तशी त्या काळी कुणी आमची मागत नसे. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दादांनी सांगितलेला भाव लिहून दिला. आठ दिवसांनी इंजिन गाडीवर चढून गावात आलं. ते आलं तेव्हा आई उखळाशी होती. तिनं मुसळ तिथंच टाकलं, भाताची पाटी उचलली आणि आधी माझ्याकडे आली. पहिलं भात तिचंच भरडलं.

हल्ली माझा नातू ट्रॅक्टरचा विमा उतरवतो. एक पोरगा फटफटीवरून येतो, फोटो काढतो आणि जातो. किंमत काय लिहिली, असं मी नातवाला विचारलं तर तो म्हणतो, "आज्जी, ते त्यांचं तेच ठरवतात." मी म्हणते, "आणि तू?" त्यावर तो हसतो. मला हसू येत नाही. आपल्या वस्तूचं मोल आपल्याला सांगता आलं नाही की ते दुसरा सांगतो, एवढं मी त्याला ऐकवते आणि तो चहा मागतो.

त्या नव्या इंजिनाचं वर्ष सरलं तेव्हा गोगटे नवा कागद घेऊन आले. आईनं या खेपेला पिठलं-भाकरी वाढली, लोणचं मात्र वाढलं नाही. त्यांनी टाक बुडवला आणि म्हणाले, "भाऊ, आता सगळं महाग झालंय. इंजिनं मिळत नाहीत. किंमत जरा चढवून लिहू या?"

दादांनी मला हाक मारली. "भागे, इंजिन कसं हाय?"

"चांगलं आहे," मी म्हणाले, "पण चाकाशी थोडं झिजलंय. गेल्या वर्षीसारखी ओढ नाही."

दादांनी मनाशी काही हिशेब केला आणि आकडा सांगितला. तो गेल्या वर्षीपेक्षा कमी होता. गोगट्यांचा टाक हवेतच राहिला. विमा उतरवणाऱ्यानं आपणहून किंमत खाली आणलेली त्यांनी कधी ऐकली नसावी. "अहो भाऊ, नीट विचार करा," ते म्हणाले. "उद्या पुन्हा जळलं तर कमी मिळेल."

"मिळू द्या," दादा म्हणाले. "जेवढं हाय तेवढंच जळंल नव्हं?"